लीडरशिप-कम्युनिकेशनचा कोर्स केला, चार महिने थांबून लिहितेय

आधीच कबूल करते, शेवटच्या दिवशी मी या कोर्सच्या फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच दिले होते. आमच्या बॅचमध्ये बहुतेक सगळ्यांनीच दिले असतील. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, ट्रेनर मॅडम समोरच उभ्या, फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही असं सांगितलेलं, आणि दोन दिवस टाळ्या वाजवून, गट पाडून, चार्टपेपरवर स्केचपेनने चित्रं काढून मूड पण मस्त झालेला. अशा वेळी माणूस पाचच देणार. आज विचाराल तर मी साडेतीन देईन, आणि त्यातले दोन तरी एका दहा मिनिटांच्या व्हिडिओचे आहेत, त्यावर खाली येतेच.

चार महिने थांबले ते आळसाने नाही (थोडं आळसानेही). ट्रेनिंग कसं झालं ते मोजायचं कसं यावर डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९५९ मध्ये लेख लिहिले होते, त्यात चार पायऱ्या आहेत. लोकांना आवडलं का, लोक काही शिकले का, कामावर परत गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्या बदललेल्या वागण्याने कामात काही फरक पडला का. हे मला कोर्समध्येच कळलं, मॅडमनीच सांगितलं, आणि मग त्यांनीच आमच्याकडून पहिल्या पायरीचा फॉर्म भरून घेतला आणि विषय संपवला. हॉल कसा होता, ट्रेनरला विषय येत होता का, मित्राला सुचवाल का. मला तिसऱ्या पायरीचं लिहायचं होतं म्हणून थांबले.

कोर्स असा होता: सलग दोन दिवस प्रत्यक्ष, मग सहा आठवडे दर आठवड्याला एक तासाचं ऑनलाइन सेशन, आणि शेवटी ट्रेनरबरोबर एकेकट्याचा अर्धा तास कॉल. आम्ही अठरा जण, वेगवेगळ्या टीमचे, बहुतेक जण नुकतेच लीड झालेले. पैसे कंपनीने भरले त्यामुळे पैसा वसूल वगैरे मी बोलत नाही, पण दोन दिवस काम बाजूला ठेवून बसलो आणि ते काम नंतर रात्री जागून उपसलं, तेव्हा वेळेचा हिशोब मी मागणारच.

माझ्याबद्दल एवढंच की मी काम चांगलं करायचे म्हणून मला लीड केलं, आणि लीड झाल्यावर कळलं की ज्या कामासाठी निवडलं ते काम आता माझं नाहीच. सात जण हाताखाली. पहिले आठ महिने मी काय केलं तर सातही जणांचं काम स्वतःच परत तपासलं, निम्मं परत केलं, आणि घरी गेल्यावर कुणाशी बोलायची ताकद उरायची नाही. टीमला वाटायचं मॅडमचा आपल्यावर विश्वास नाही, मला वाटायचं यांना काही पडलेलंच नाही. दोघं आपापल्या जागी बरोबर.

तर पहिला दिवस. सकाळचा अर्धा वेळ सरळ पाण्यात गेला. स्वतःबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगा, मग दोरीचा खेळ, मग कागदाचा मनोरा. नंतर ती रंगांची टेस्ट, तुम्ही लाल की निळे की पिवळे की हिरवे. ती भरताना मजा येते हे खरंय आणि स्वतःबद्दल वाचायला कुणाला आवडत नाही, पण तिचा पुढे काय उपयोग झाला विचाराल तर एवढाच की पुढच्याच आठवड्यात आमच्यातला एक जण मीटिंगमध्ये सगळ्यांवर खेकसला आणि वर म्हणतो काय, मी लाल आहे ना, माझं असंच असतं. झालं. टेस्ट घेतली होती माणूस सुधारावा म्हणून, याला परवाना मिळाला.

मग ती प्रसिद्ध स्लाइड आली. जी प्रत्येक कम्युनिकेशनच्या कोर्समध्ये येतेच येते. की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. मी आदल्या रात्री योगायोगाने याच्यावर वाचलं होतं म्हणून हात वर केला. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग होते ते, त्यात एकेकटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्याचे फोटो दाखवून विचारलं होतं की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. म्हणजे शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतं ते. सगळ्या बोलण्याला हे आकडे लावू नका असं खुद्द मेहराबियननीच सांगितलेलं आहे. मॅडम म्हणाल्या, हो, पण मुद्दा लक्षात ठेवा. आता मुद्दा कुठला लक्षात ठेवायचा, आकडेच जर चुकीच्या जागी लावले असतील तर? शब्द खरंच ७ टक्के असते तर मॅडमनी दोन दिवस नुसते हातवारे केले असते तरी आम्हाला ९३ टक्के कोर्स समजायला हवा होता. माझ्या शेजारचा फार हसला, मॅडम नाही हसल्या. अर्धा स्टार इथे गेला.

आता व्हिडिओ.

पहिल्या दिवशी दुपारी जोड्या पाडल्या. एकाने लीड व्हायचं, दुसऱ्याने टीममधला माणूस, ज्याचं काम दोनदा उशिरा आलंय. दहा मिनिटं बोलायचं, समोर मोबाइल स्टँडवर लावलेला. मी आत्मविश्वासाने बसले, कारण असली बोलणी मी दर आठवड्याला करते. बोलले, समजावलं, शेवटी समोरचा म्हणाला हो मॅडम पुढच्या वेळी काळजी घेतो, मी मनात म्हटलं छान झालं. मग आम्हाला आपापला व्हिडिओ हेडफोन लावून एकट्याने बघायला दिला आणि एक कागद दिला, त्यावर चारच गोष्टी मोजायच्या. तू किती मिनिटं बोललीस, समोरचा किती, किती प्रश्न विचारलेस, आणि समोरच्याचं वाक्य किती वेळा तोडलंस.

दहा मिनिटांपैकी साडेसात मिनिटं मी बोलत होते. प्रश्न चार. त्यातले तीन म्हणजे 'बरोबर ना?', 'कळतंय ना?' आणि परत 'बरोबर ना?'. चौथा खरा प्रश्न होता, 'उशीर का झाला?', आणि त्याचं उत्तर तो द्यायला लागला, म्हणाला, 'मॅडम ते डिझाइनवाल्यांकडून फाइल...' आणि मी तिथेच त्याला तोडून डिझाइनवाल्यांबरोबर कसं काम करायचं यावर दीड मिनिट प्रवचन दिलं. फाइलचं काय झालं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलंच नाही, म्हणजे सांगायला मिळालंच नाही. आणि हा सगळा वेळ मी मान हलवतेय, हसतेय, अगदी समजूतदार चेहरा करून. तो चेहरा बघून मला माझीच लाज वाटली हो. कुणी येऊन सांगितलं असतं की तू ऐकत नाहीस तर मी भांडले असते. व्हिडिओशी काय भांडणार.

माझ्या मते हा कोर्स घ्यायचं कारण हे एकच आहे. आणि हे करायला कोर्स तरी कशाला लागतो असं तुम्ही म्हणाल तर बरोबर आहे, पण खरं सांगा, एकट्याने घरी बसून कोण करतं. मी मात्र त्यानंतर महिन्यातून एकदा, समोरच्याला विचारून, एक तरी मीटिंग रेकॉर्ड करते आणि त्याच चार गोष्टी मोजते. मागच्या महिन्यात वीस मिनिटांत मी आठ मिनिटं बोलले. तोडलं दोनदा. प्रश्न अकरा, त्यात 'बरोबर ना' अजून एक आहेच, सवय जात नाही.

याच्याच जोडीला त्यांनी गप्प बसायचा सराव करून घेतला, तो पण चांगला. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गात मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलं लांब, विचार केलेली उत्तरं देतात, एरवी गप्प बसणारी मुलं पण बोलतात. आपल्या मीटिंगमध्ये पण तेच की. 'कुणाला काही विचारायचंय? नाही? ओके, पुढे.' हे सगळं एका श्वासात. आता मी विचारते आणि मनात पाचपर्यंत मोजते. पहिल्यांदा केलं तेव्हा एवढं अवघडल्यासारखं झालं की कुणाला वाटलं माझा आवाज गेलाय, चॅटवर मेसेज आला, मॅडम तुम्ही म्यूटवर आहात. पण तिसऱ्या-चौथ्या मीटिंगपासून टीममधली सगळ्यात शांत मुलगी बोलायला लागली, आणि ती जे बोलते ते बाकीच्यांच्या अर्ध्या तासापेक्षा कामाचं असतं. आठ महिने मी तिला 'थोडं पुढे ये, बोलत जा' असं सांगत होते आणि बोलायला जागाच ठेवत नव्हते.

दुसऱ्या दिवशीची सकाळ पण भारी होती. टेबलावर बोटाने टकटक करून गाण्याची चाल वाजवायची, समोरच्याने ओळखायचं. मी लहान पोरालासुद्धा येणारं गाणं घेतलं, इतकं सोपं की हा ओळखणारच. ओळखलं नाही. परत वाजवलं, जरा जोरात. नाही. तिसऱ्यांदा तर मला त्याचा रागच आला, एवढं साधं कळत नाही याला. आणि तिथेच मॅडमनी थांबवलं आणि म्हणाल्या, आत्ता जो राग आला ना तो लक्षात ठेवा. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी हा प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी गाणी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक. मला एकदम आठवलं, मी टीमला काम समजावते ते असंच. माझ्या डोक्यात क्लायंटच्या सहा महिन्यांच्या कॉल्सचा सगळा इतिहास, आणि त्यांना मी देते दोन ओळींचा मेसेज, वर 'साधंच आहे, होईल ना संध्याकाळपर्यंत?'.

याच्यानंतर लगेच त्यांनी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमान अपघाताचं सांगितलं आणि हॉलमध्ये एकदम शांतता. २७ मार्च १९७७, धावपट्टीवर धुकं, दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाकडून रेडिओवर जे सांगितलं गेलं त्याचा अर्थ त्यांच्या लेखी 'आम्ही निघालो' असा होता, टॉवरला वाटलं की निघायच्या जागी उभे आहेत. टॉवरने 'ओके' म्हटलं, आणि पुढे थांबा म्हणून सांगितलं ते नेमकं दुसऱ्या विमानाच्या बोलण्यात मिसळून नीट ऐकूच गेलं नाही. पहिल्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का, त्याने विचारलं पण. कॅप्टन म्हणजे कंपनीतला अतिशय वरिष्ठ, नावाजलेला माणूस, त्याने ठामपणे हो म्हटलं, आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर विमानाच्या जगात नियम कडक झाले, 'टेकऑफ' हा शब्द खरोखर टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, सूचना नुसतं ओके न म्हणता परत म्हणून दाखवायची, आणि ज्युनियरने सीनियरला टोकायचं याचं वेगळं ट्रेनिंगच सुरू झालं.

आमच्या कामात कुणाचा जीव जात नाही, माहितीये. पण 'ओके' मुळे आमचे किती दिवस गेलेत ते मी मोजले तर रडू येईल. आमच्या चॅटवर तर ओकेसुद्धा नाही, नुसता अंगठा. अंगठा म्हणजे वाचलं? पटलं? करतो? की दिसलं, नंतर बघू? आता आम्ही टीममध्ये ठरवलंय की तारीख किंवा क्लायंटचं काही असेल तर अंगठा चालणार नाही, काय समजलं ते एका ओळीत लिहायचं. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलेल्या 'शुक्रवारपर्यंत' चे तीन अर्थ आले. एकाचा शुक्रवार सकाळ, एकाचा शुक्रवार रात्री बारा, आणि एकाचा शुक्रवार म्हणजे त्याच्या पुढचा शुक्रवार. आणि माझ्या मनात होतं गुरुवारी संध्याकाळी, कारण शुक्रवारी मला तपासायचं होतं! म्हणजे चौघांत चार. तेव्हापासून मी 'कळलं का' विचारणं बंद केलंय, 'सुरुवात कुठून करणार?' असं विचारते. कळलं का ला उत्तर हो एवढंच असतं, जगात कुठेही विचारा.

फीडबॅक द्यायचं सेशन मात्र माझ्या मते अर्धंच शिजलेलं होतं. त्यांनी तो नेहमीचा साचा दिला, प्रसंग सांगा, वागणं सांगा, परिणाम सांगा. म्हणजे 'तू बेजबाबदार आहेस' असं न म्हणता 'सोमवारच्या कॉलमध्ये तू आम्हाला न विचारता तारीख सांगितलीस, त्यामुळे दोघांना शनिवारी बसावं लागलं' असं म्हणायचं. साचा चांगलाच आहे, वाद नाही, बेजबाबदार म्हटलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि सोमवारचा कॉल म्हटलं की निदान कॉलबद्दल बोलतो. पण आम्हाला तो पाठ करायला लावला, आणि पाठ केलेलं लगेच कळतं. मी सोमवारी ऑफिसला गेले आणि पहिल्याच माणसावर वापरला, 'मला एक निरीक्षण शेअर करायचंय. परवाच्या रिव्ह्यूमध्ये...' त्याने मला मध्येच थांबवून विचारलं, 'मॅडम, ट्रेनिंगला जाऊन आलात का?' दोघंही हसलो आणि ते बोलणं तिथेच राहिलं. खरं सांगायचं तर ते ऐकताना फीडबॅक कमी आणि पंचनामा जास्त वाटत होता.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगायलाच हवी होती ती सांगितली नाही. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले, तर सरासरीने फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशपेक्षा जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. बोलणं कामावरून माणसावर सरकलं की असर कमी होतो असं त्यांचं म्हणणं. हे आधी सांगितलं असतं तर नव्या लीडने दिसेल त्याला फीडबॅक देत सुटायचं थांबवलं असतं. आमच्यातल्या दोघांनी तर रोज एकाला फीडबॅक असा संकल्प केला होता. त्यांच्या टीमची मला दया आली.

पुढे ऑनलाइन सेशन्समध्ये यावर जरा बरं काम झालं, कारण तिथे आम्ही खरे प्रसंग घेऊन यायचो. माझ्या टीममध्ये एक जण माझ्यापेक्षा वयाने बारा वर्षांनी मोठे आहेत, अनुभव माझ्यापेक्षा जास्त, त्यांना मी अहो-जाहो करते. त्यांना चूक दाखवायची म्हटलं की माझी जीभच वळत नाही, मग मी ती चूक स्वतःच गुपचूप दुरुस्त करते. साच्यातलं वाक्य 'तुम्ही' लावून म्हटलं तरी उद्धटच वाटत होतं. एका सहभागी मुलाने सुचवलं की सांगू नकोस, विचार. 'मला यात हा आकडा जुळत नाहीये, तुम्ही कसा काढला?' एवढंच. आणि खरंच पहिल्या वेळी त्यांनी स्वतःच बघून म्हटलं, अरे हो, मी मागच्या तिमाहीचा घेतला. दुसऱ्या वेळी मात्र आकडा त्यांचा बरोबर निघाला आणि माझाच चुकलेला. विचारलं होतं म्हणून वाचले, ठणकावून सांगितलं असतं तर तोंड लपवायला जागा नव्हती. हे ट्रेनरकडून नाही मिळालं, बॅचमधल्या पोराकडून मिळालं, पण बॅच त्यांनीच जमवली होती तेव्हा श्रेय थोडं देऊ.

काम सोपवणं या विषयावर हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं १९६९ चं मॉडेल शिकवलं, कुणाला सांगून करून घ्यायचं, कुणाला पटवून, कुणाला सोबत घेऊन आणि कुणावर सोडून द्यायचं. ठीक. चौकोन काढले, रंग भरले. मी एका तिथल्या तिथे ठरवलेल्या गोष्टीपुरतं ते घेतलं, की काम देतानाच म्हणायचं, हे मला विचारून कर, किंवा हे कर आणि मग सांग, किंवा हे सांगायची पण गरज नाही. आधी मी 'तू बघ' म्हणायचे आणि मग दोन तासांनी जाऊन काय झालं विचारायचे. तू बघ याचा अर्थ नक्की काय ते कुणालाच माहीत नव्हतं, मला पण नाही.

बदल झाला का? एक प्रसंग सांगते. गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचा मेसेज आला, मॅडम शुक्रवारचं होणार नाही, माझ्याकडून एक चूक झालीये, पाच मिनिटं बोलू का. बुधवारी! आधीच्या आठ महिन्यांत अशी बातमी मला शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचलाच मिळायची, ती पण क्लायंटने विचारल्यावर. कोर्समध्ये एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाचं सांगितलं होतं, त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्स बघितल्या तेव्हा चांगल्या टीम्समध्ये चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या, आणि त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. आमच्या टीमच्या चुकांची यादी पण सध्या लांबलीये. माझ्या बॉसला ती यादी बघून टेन्शन आलंय, मला नाही.

आता गाऱ्हाणी, थोडक्यात नाही होणार.

कम्युनिकेशन शिकवणाऱ्या लोकांनी आम्हाला पाठवलेल्या मेलमध्ये वेळ साडेनऊची आणि कॅलेंडरच्या निमंत्रणात नऊची. आम्ही अर्धे जण नऊला जाऊन बंद दारासमोर उभे. ठीक आहे, होतं एखाद्या वेळी. पण ऑनलाइन सेशनच्या दोन वेगवेगळ्या लिंका आल्या आणि दोन्हीकडे निम्मी निम्मी माणसं बसून एकमेकांची वाट बघत राहिली, वीस मिनिटं. त्या दिवसाचा विषय होता, स्पष्ट संवाद. मी खोटं सांगत नाही. आणि तो शेवटचा अर्ध्या तासाचा कॉल, तो तीनदा पुढे ढकलला, शेवटी झाला तो अठरा मिनिटं, त्यात मॅडमना मी कोण ते आठवायला चार गेली. त्यांची चूक आहे असं नाही, इतक्या बॅचेस घेतात, पण मग नोट्स ठेवा ना. माझा तो व्हिडिओ बघून आला असतात तरी पुरलं असतं.

स्लाइड्स एकशे बारा. मी मोजल्या कारण पीडीएफ पाठवली. चार महिन्यांत एकदाही उघडली नाही. तो चार गोष्टी मोजायचा कागद मात्र मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय, आता त्याचे कोपरे दुमडलेत.

आणि सगळ्यात मोठी अडचण, जी त्यांची थोडी आणि आमच्या कंपनीची जास्त. आमच्या वरचे लोक कोर्सला नव्हते. बॉल्डविन आणि फोर्ड यांचा १९८८ चा लेख आहे, ट्रेनिंगमध्ये शिकलेलं कामावर उतरतं का यावर, त्यात शिकणारा आणि शिकवणं याच्याइतकंच महत्त्व परत गेल्यावर भेटणाऱ्या वातावरणाला दिलंय, वरचा माणूस साथ देतो का, वापरायला संधी मिळते का. मला काय भेटलं सांगू? मी मीटिंगमध्ये प्रश्न विचारून पाचपर्यंत मोजतेय, तीनवर असताना माझे बॉस उत्तर देऊन मोकळे. टीमने तारखेचं एका ओळीत लिहून पाठवलं की त्यांचा अंगठा. मला त्यांनीच कोर्सला पाठवलं होतं, 'जरा सॉफ्ट स्किल्सवर काम कर' म्हणून. कोर्सवाल्यांनी कंपनीला एवढं तरी सांगायला हवं की आधी वरच्यांचं अर्ध्या दिवसाचं सेशन घ्या, नाहीतर आम्ही येत नाही. पण मग बिल कसं होणार, ते पण आहे.

घ्यावा का कोर्स? नुकतेच लीड झाला असाल, आणि स्वतःला व्हिडिओवर बघायची हिंमत असेल तर घ्या, आणि घेताना आधी विचारा की रेकॉर्डिंग करून घेतात का आणि नंतरचे आठवडे आहेत का. नुसता दोन दिवसांचा असेल तर नका घेऊ, मजा येईल, फोटो निघतील, सोमवारी सगळं जैसे थे. दहा वर्षं टीम सांभाळलेल्यांना यात नवीन माहिती फारशी मिळणार नाही, पण व्हिडिओ त्यांना पण बघायला लावावा असं मला मनापासून वाटतं. फार लाजाळू असाल, बोलतानाच घाम फुटत असेल, तर हा तुमच्यासाठी नाही, तिथे अठरा जणांसमोर पहिल्याच तासाला उभं करतात आणि सावरायला कुणी नसतं. आमच्यातली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत गेली ती परत आलीच नाही, आणि ती का गेली ते कुणी विचारलं पण नाही. पुढच्या तासाचा विषय होता, सहानुभूतीने ऐकणं.

परवा एचआरचा मेल आला, पुढच्या बॅचसाठी प्रत्येक टीममधून एक नाव द्या. मी माझ्या बॉसचं नाव टाकलं आणि मेल त्यांनाही सीसी केला. उत्तर म्हणून अंगठा आलाय, त्याचा अर्थ विचारणारा मेसेज टाईप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.